ऐतिहासिक कादंबरीतली सोयरीक
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



 चिटणीसबाईंनी विषय विचारला तेव्हा मी सांगितले, "ऐतिहासिक कादंबरीतली लग्ने." त्या हसून म्हणाल्या, "लग्नाचे बोला, बायका बसून राहतील. इतिहासाचे बोलू लागलात, तर प्रत्येकीला चुलीवरचे दूध आठवेल." त्यांची सूचना मी मानली आहे. आज मी लग्नाचेच बोलणार आहे. इतिहास त्यात येईल तो वऱ्हाडात पाहुणा येतो तसा, थोडा वेळ.

दुपारची कामे उरकली की हातात कादंबरी घ्यायची, ही सवय आपल्यापैकी पुष्कळजणींना आहे. त्यातही गडकोटांची, राजेराण्यांची कादंबरी म्हटली की आपण जेवणसुद्धा विसरतो. मी गेली साठ वर्षे ही पुस्तके वाचीत आले. वाचता वाचता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, ती तुम्हीही पडताळून पाहा. घरी गेल्यावर कोणतीही ऐतिहासिक कादंबरी उघडा आणि सोयरीक जमते ते प्रकरण काढा. त्या प्रकरणात किती माणसे बोलतात, ते बोटांवर मोजा. मुलीचा बाप बोलतो, मुलाचा बाप बोलतो, दिवाणजी बोलतात, जोशीबुवा बोलतात, एखादा म्हातारा किल्लेदारही मध्ये बोलून घेतो. हत्ती किती द्यायचे, गाव कोणते आंदण द्यायचे, ह्यावर दोन दोन पाने जातात. आणि जिचे लग्न, ती? ती पडद्याआड. फार तर तिच्या बांगड्या किणकिणतात.

ह्या बांगड्यांच्या आवाजाविषयी मला आज बोलायचे आहे.

पहिली गोष्ट आपल्याच मुलखातली सांगते. औंढ्याचे नागनाथाचे देऊळ आपण सगळ्याजणी पाहत आलो. त्या काळी ह्या भागावर देवगिरीच्या यादवांचे राज्य होते. नामदेवमहाराजांचे नरसी गावही आपल्याच जिल्ह्यातले, आणि नामदेवही त्याच काळातले. त्या काळात एका मुलीचे लग्न देवगिरीच्या राजपुत्राशी ठरले आणि मोडले. तिचे नाव देवलदेवी.

देवलदेवी ही गुजरातचा राजा करण वाघेला ह्याची मुलगी. १२९९ साली दिल्लीच्या अल्लाउद्दीन खिलजीच्या फौजा गुजरातेत घुसल्या. करण पळाला, त्याची राणी कमलादेवी पकडली गेली आणि दिल्लीला सुलतानाच्या जनानखान्यात गेली. लहानगी देवल बापाबरोबर राहिली. बाप बागलाणच्या डोंगराळ मुलखात आसरा घेऊन होता. देवगिरीच्या रामदेवरायाचा मुलगा शंकरदेव ह्याने तिला मागणी घातली होती. फिरिश्ता हा इतिहासकार तीनशे वर्षांनी विजापूरच्या दरबारात बसून लिहितो की, करणाने ती मागणी आधी नाकारली होती. आपण रजपूत, मुलगी मराठ्यांच्या घरी कशी द्यायची, हे कारण. पुढे दिल्लीची फौज जवळ आली, जीव मुठीत आला, आणि मग तीच सोयरीक त्याला चालली. तोवर तिकडे दिल्लीत कमलादेवीने आपली मुलगी आपल्यापाशी आणावी, असे सुलतानाकडे मागितले होते. १३०६-०७ च्या सुमारास देवगिरीची माणसे नवरीला घेऊन निघाली. वाटेत वेरूळजवळ दिल्लीच्या शिपायांची एक तुकडी लेणी पाहायला म्हणून आली होती. तिची आणि ह्या मंडळींची गाठ पडली, झटापट झाली, आणि नवरी सापडली. देवगिरीच्या वाड्यात मांडव पडायचा, तो राहिला. मुलगी दिल्लीला पोहोचली.

पुढे सुलतानाचा मुलगा खिज्रखान ह्याच्याशी तिचे लग्न झाले. पण तेही सरळ नाही. त्याच्या आईला ही सून नको होती. तिने आपल्या भावाची, अलपखानाची, मुलगी आधी सून करून आणली. आणि हा अलपखान म्हणजे देवलदेवीला पकडणाऱ्या फौजेचा सरदार. मागाहून देवलदेवीचेही खिज्रखानाशी लग्न लागले. १३१६ साली अल्लाउद्दीन वारला, राज्याची भांडणे लागली, ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कोंडलेल्या खिज्रखानाचे डोळे काढले आणि पुढे १३१८ च्या सुमारास त्याला मारले.

अमीर खुसरो ह्या थोर कवीने ह्या दोघांच्या प्रेमावर फारसीत एक मोठे काव्य लिहिले. ते लिहवून घेतले खुद्द खिज्रखानाने. म्हणजे काव्य नवऱ्याच्या बाजूचे. काही इतिहासकार म्हणतात की, ह्यातली बरीचशी हकीकत काव्यातलीच असावी. असेलही. पुढे १८६६ साली नंदशंकर मेहता ह्यांनी गुजरातीतली पहिली कादंबरी लिहिली, तिचे नाव 'करण घेलो'. तिचा नायक मुलीचा बाप, आणि कथा त्याच्या ऱ्हासाची.

एका कवीने नवऱ्याच्या बाजूने लिहिले, एका कादंबरीकाराने बापावर लिहिले. फिरिश्त्याने शंकरदेवाची बाजू थोडी सांगितली. त्या मुलीचे लग्न बापाने नाकारले, बापाने ठरवले, शिपायांनी मोडले, सासूने अडवले. ह्या चारही वेळा देवलला कोणी काही विचारल्याचे कोठे लिहिलेले नाही. ती तेव्हा आठनऊ वर्षांची पोर असेल. तिला देवगिरी आवडले असते की दिल्ली, हे आजपर्यंत कोणाला कळले नाही.

तुम्ही म्हणाल, ती राजाची पोर, लढाईचा काळ, तेथे कोण कोणाला विचारतो? मान्य आहे. म्हणून दुसरी गोष्ट भरल्या घरातली, सणाच्या दिवसाची घेऊ.

ज्या वेरूळजवळ देवलदेवी सापडली, त्याच वेरूळची पाटीलकी पुढे भोसल्यांकडे होती. आणि सिंदखेडचे जाधव स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणवीत. सिंदखेड राजा काही आपल्याला परके नाही. किती तरी जणी बारा जानेवारीला जिजाऊंच्या दर्शनाला जाऊन आल्या असतील. तेथली बखरीतली कथा तर शाळेतल्या पोरीलाही पाठ आहे. शिमग्याचा सण. लखुजीराव जाधवांच्या वाड्यात मंडळी जमलेली. मालोजी भोसले आपल्या लहान शहाजीला घेऊन आले होते. लखुजीरावांनी कौतुकाने त्याला आपल्या जिजाशेजारी बसवले आणि सहज थट्टेने म्हणाले की, जोडा कसा छान दिसतो! मुलेही एकमेकांवर रंग उडवू लागली. झाले! मालोजी आणि त्यांचे भाऊ विठोजी ताडकन उठले आणि भरल्या सभेला साक्ष ठेवून म्हणाले की, जाधवराव आता आमचे व्याही झाले.

पुढची कथा मानपानाची आहे. लखुजीरावांच्या पत्नीला राग आला. आपण मोठे मनसबदार, हे आपल्या पदरचे शिलेदार. थट्टेतसुद्धा अशा घरी मुलगी द्यायचे बोललेच कसे? दुसऱ्या दिवशी जेवणाचे बोलावणे गेले, ते मालोजींनी परत पाठवले. आधी सोयरीक कबूल करा, म्हणाले. मग मालोजी वर चढले. निजामशाहीत त्यांना पाच हजारांची मनसब मिळाली, शिवनेरी आणि चाकणचे किल्ले, पुणे आणि सुप्याची जहागीर मिळाली, आणि मग खुद्द निजामशहाच्या मध्यस्थीने हे लग्न लागले. ग्रँट डफ ह्या इंग्रजाने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला, त्यातही ही कथा जशीच्या तशी आली आहे. तेव्हापासून कादंबऱ्यांत, नाटकांत, पोवाड्यांत ती किती वेळा आली, त्याला गणती नाही. रंगाचा प्रसंग आला की आपण हसतो, मालोजी उठले की आपल्याला स्फुरण चढते.

पण भगिनींनो, ह्या कथेत घरातली एक बाई बोलते, हे तुमच्या ध्यानात आले का? लखुजीरावांच्या पत्नी बोलतात. रागाने बोलतात, नवऱ्यासमोर बोलतात. म्हणजे त्या काळच्या बायकांना तोंड नव्हते असे नाही. आणि त्या बोलतात कशाविषयी? आपल्या घराच्या तोलाविषयी. मुलीविषयी नाही. मी ही कथा पुष्कळदा वाचली, पण हे माझ्या ध्यानात यायला माझ्या घरात सून यावी लागली. मुलीला कोणी विचारीत नाही म्हणून आपण पुरुषांना बोल लावतो. पण माजघरात जिचा शब्द चालतो ती आई, आत्या, मावशी, आजी, ह्यांनी तरी आपला शब्द कोठे खर्च केला?

त्या लग्नाचे पुढे काय झाले, हे आपल्याला ठाऊक आहे. दरबार संपवून सरदार बाहेर पडत असता खंडागळ्यांचा हत्ती बिथरला आणि त्यावरून जाधव आणि भोसले एकमेकांवर तुटून पडले. जिजाबाईंचा सख्खा भाऊ दत्ताजी त्यात पडला, आणि विठोजींचा मुलगा संभाजी, म्हणजे चुलतदीर, तोही पडला. माहेरचे सुतक आणि सासरचे सुतक एकाच दिवशी. पुढे जुलै १६२९ मध्ये दौलताबादला भर दरबारात निजामशहाने लखुजीरावांना मुलानातवासह मारले. त्या वेळी जिजाबाई गरोदर होत्या. १९ फेब्रुवारी १६३० ला शिवनेरीवर महाराजांचा जन्म झाला. ज्या दोन घरांनी मानपानासाठी एवढे रुसवेफुगवे केले, त्यांच्या वैराचा आणि त्यांच्या दुःखाचा सगळा भार त्या एका बाईने उचलला. तिने तो कसा उचलला, हे महाराष्ट्र विसरणार नाही. पण एवढा भार जिच्यावर टाकायचा, तिला दोन शब्द विचारायला काय हरकत होती, असे माझ्या मनात येते.

आता मराठी कादंबरीकडे वळते. बखरीत जे नव्हते, ते पुष्कळसे आपल्याला कादंबरीने दिले, आणि त्यात मोठा वाटा हरिभाऊ आपट्यांचा. त्यांची 'पण लक्षात कोण घेतो' तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी वाचली असेल. १८९० नंतर ती 'करमणूक' पत्रात क्रमाक्रमाने येत होती. ती काही गडकिल्ल्यांची कादंबरी नव्हे. पुण्यातल्या साध्या घरातली यमू त्यात आपली कहाणी आपल्याच तोंडाने सांगते. यमूला नवरा चांगला मिळतो, शिकलेला, समजूतदार. तिची मैत्रीण दुर्गी हिला मात्र असा मिळतो की जन्माची माती होते. दोघींची लग्ने घरच्यांनीच ठरवली होती; दोघींनाही कोणी विचारले नव्हते. एकीचे नशीब उघडले, एकीचे फुटले. पुढे यमूचा नवरा अकाली जातो, आणि मग घरचे लोक तिचे काय हाल करतात, ते मी येथे सांगत नाही. मला सांगायचे ते एवढेच की, त्या साऱ्या कादंबरीत एकाही मुलीला "नको" म्हणता येत नाही.

ह्याच हरिभाऊंनी, ह्याच हाताने, विसाव्या शतकाच्या आरंभी 'रूपनगरची राजकन्या' लिहिली. तिच्या मुळाशी राजस्थानातली एक हकीकत आहे. रूपनगरच्या राजघराण्यातल्या मुलीला औरंगजेबाची मागणी आली. घरच्या पुरुषांनी मान तुकवली. मुलीने मात्र मेवाडच्या राणा राजसिंहाला गुपचूप निरोप धाडला की, मला येथून सोडवा, मी तुम्हांला वरले आहे. राणा आला आणि १६६० साली तिला घेऊन गेला. टॉड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने राजस्थानच्या इतिहासात ही हकीकत रंगवून सांगितली, बंकिमबाबूंनी तिच्यावर बंगालीत 'राजसिंह' लिहिली, आणि हरिभाऊंनी ती मराठी वाचकांपुढे आणली.

मला नेहमी प्रश्न पडे की, ज्या लेखकाला यमूच्या तोंडी "नको" घालता आले नाही, त्याला राजकन्येच्या वेळी ते कसे जमले? मला वाटते, उत्तर त्या काळातच आहे. १८८४ साली मुंबईत रखमाबाई नावाच्या मुलीवर तिच्या नवऱ्याने फिर्याद लावली होती. तिचे लग्न अकराव्या वर्षी झाले होते, आणि मोठी झाल्यावर ती म्हणाली, हे लग्न माझ्या संमतीने झाले नाही, मी नांदायला जाणार नाही. १८८७ साली कोर्टाने निकाल दिला की, नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. तुरुंगात जाईन, असे तिने सांगितले. केवढे वादळ उठले! मोठमोठी माणसे तिच्या विरुद्ध लिहू लागली. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटले, आणि रखमाबाई विलायतेला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. आपल्या आळीतल्या मुलीने "नको" म्हटले की समाजाचे पित्त खवळते. तेच "नको" रजपूत राजकन्येने म्हटले, आणि तेही औरंगजेबाला, की तेच लोक मान डोलावतात. मग लेखकाने मुलीच्या नकाराला भरजरी पोशाख चढवला आणि त्याला दोनशे वर्षे मागे नेऊन बसवले. तेथे तो सुखरूप राहिला. पुण्यामुंबईच्या माजघरांतून किती तरी मुलींनी तो चोरून वाचला असेल, आणि कोणाला तरी त्यातून धीरही आला असेल. हे ऋण मी मानते.

पण ह्या पुस्तकांनी आपल्याला एका बाबतीत फसवलेही आहे. राजकन्या नाकारते तो नवरा नेहमी दुष्ट असतो, म्हातारा असतो, परधर्मी बादशहा असतो. आणि तिच्या मनातला असतो तो शूर, देखणा, धर्माचा रक्षक. पुष्कळ कादंबऱ्यांत तर शेवटी असे निघते की, बापाने ठरवलेला आणि तिने मनात धरलेला तरुण एकच होता, फक्त वेष पालटून आला होता! बापाचा शब्दही राहिला, मुलीचे मनही राहिले, वाचणारी खूश. आपल्या घरी असे कधी होते का? आपल्याकडे पाहायला येतो तो औरंगजेब नसतो आणि राजसिंहही नसतो. तो कोठल्या तरी कचेरीत नोकरीला असतो, नाही तर घरी दहा एकर रान असते. माणसे बरी असतात, मुलगा निर्व्यसनी असतो. त्याला "नको" म्हणायला मुलीपाशी कारण काय? "मला अजून शिकायचे आहे", "मला तो आवडला नाही", "मला इतक्या लांब जायचे नाही". ही कारणे कोणत्याही कादंबरीत राणा सैन्य घेऊन धावून येण्याइतकी मोठी नाहीत. पण मुलीचा जन्म ह्याच कारणांवर अडलेला असतो.

ह्याच्या दुसऱ्या बाजूचेही एक पुस्तक सांगते, नाही तर तुम्ही म्हणाल, बाई लग्नालाच नावे ठेवायला आल्या. रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ साली निघाली. पेशव्यांच्या घरचे लग्न, आठनऊ वर्षांचा माधवराव आणि त्याहून लहान रमा. वडीलधाऱ्यांनी ठरवलेले. पण ते दोघे एकमेकांच्या सहवासात वाढतात, आणि त्यांचा जीव एकमेकांत कसा गुंततो, हे देसाईंनी असे लिहिले आहे की, ती कादंबरी मिटवताना डोळे कोरडे राहत नाहीत. १७७२ साली थेऊरला माधवराव क्षयाने गेले आणि रमाबाई सती गेल्या. ठरवलेल्या लग्नातही प्रेम उगवते, हे खरे आहे. माझ्या ओळखीची पन्नास घरे मी त्याची साक्ष म्हणून देईन. परंतु पीक चांगले आले म्हणून बी पाखडून घ्यायचे नाही, असे कोणी शेतकरी म्हणत नाही.

ह्या 'स्वामी'शी माझी स्वतःची एक आठवण जोडलेली आहे. ती मी आजवर चारचौघींत सांगितली नव्हती. १९६७ सालची गोष्ट. मला सोळावे चालू होते. तेव्हा कायद्याने मुलीला पंधरा वर्षे पुरत. ओळखीच्या एका बाईंकडून मी ती कादंबरी चार दिवसांच्या बोलीने आणली होती. दुपारी ओसरीवर वाचीत बसले असता वडील आले आणि आईला म्हणाले, "उद्या पाहुणे येणारेत." आईने माझ्या हातातले पुस्तक काढून घेतले, फडताळात ठेवले आणि म्हणाली, "ऊठ, केस धुवून घे." बस, एवढेच. पाहुणे आले, मी पोहे दिले, मान खाली घालून नाव सांगितले. चौथ्या दिवशी सुपारी फुटली. देण्याघेण्याची याद झाली. तीत भांडी किती, लुगडी किती, सगळे नीट लिहिलेले होते.

त्या रात्री माझी आत्या माझ्याजवळ अंथरुणावर टेकली. ती बालविधवा होती, तिला अक्षर येत नव्हते. निजामाच्या राजवटीत शाळाच उर्दू. त्यात मुलीला कोण घालणार? तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि हळूच विचारले, "तुझ्या मनाला येतंय का गं, बाई?" माझ्या साऱ्या लग्नात हा प्रश्न मला विचारणारी ती एकटी. आणि मी काय उत्तर दिले? काहीच नाही. मी कुशीवर वळले. मला राग नव्हता, दुःखही नव्हते. मला उत्तर देताच येईना, कारण हा प्रश्न मला जन्मात कधी कोणी विचारलाच नव्हता. कोणते लुगडे हवे, हे विचारले होते. भाजी कोणती करू, हे विचारले होते. आत्या थोडा वेळ बसली आणि उठून गेली. पुढे माझा संसार चांगला झाला. मालक सज्जन होते, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण ते पुस्तक अर्धेच राहिले. पुढे पंधरा वर्षांनी मी ते पुरे केले. आणि आत्याला उत्तर द्यायचे राहून गेले, त्याची चुटपुट मला आज पंचाहत्तरीतही आहे.

ही जुनी गोष्ट झाली, असे म्हणू नका. १९७८ साली कायद्याने मुलीचे वय अठरा केले. तरी २०१९-२१ च्या सरकारी कुटुंब आरोग्य पाहणीत असे दिसले की, महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांपैकी शंभरात सुमारे बावीसजणींची लग्ने अठराच्या आत झाली होती. ह्या बावीसजणी कोणाच्या तरी आळीत राहतात. गेल्या वर्षी आपल्याही ओळखीच्या एका घरी दहावीतल्या मुलीची सोयरीक जमत होती. नाव सांगत नाही. घर गरीब, बाप ऊसतोडीला जाणारा, आई म्हणे, "आम्ही सहा महिने कारखान्यावर. जाणती पोरगी कोणाच्या जिवावर ठेवू?" हा प्रश्न खोटा नाही. त्याला उत्तर न देता तिला कायदा सांगायला जाणे सोपे असते. आपल्या मंडळातल्या दोघीतिघी तिच्याकडे गेल्या होत्या, त्यांत मीही होते. आम्ही म्हटले, "पोरीला विचारलंत का?" आई म्हणाली, "तिला काय विचारायचं? तिला काय कळतंय?" पोरगी तेथेच भांडी घाशीत होती. ती न वळता म्हणाली, "मला पेपर देऊ द्या. मग बघा काय करायचं ते."

बायांनो, मला त्या पोरीचा हेवा वाटला. माझ्यापाशी जे वाक्य नव्हते ते तिच्यापाशी होते. कोणाच्या राजकन्येकडून ते तिने घेतले नव्हते. शाळेतून आणि स्वतःच्या अकलेतून ते आले होते. मग बापाशी बोलणे झाले. पोरीची मावशी तिला सहा महिने ठेवून घ्यायला तयार झाली. सोयरीक पुढे ढकलली. मुलगी आता बारावीला आहे. पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही. पण त्या दिवशी घरातल्या चार बायका मुलीच्या बाजूने बोलल्या, आणि बापाने ऐकून घेतले, हे मी डोळ्यांनी पाहिले.

म्हणून मंडळाला माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली अगदी सोपी. आठवड्यातून एक दुपार सगळ्याजणींनी मिळून एखादी ऐतिहासिक कादंबरी वाचावी. एकीने वाचावी, बाकीच्यांनी ऐकावी; ऐकता ऐकता वाती वळायला हरकत नाही. लग्नाचे प्रकरण आले की थांबावे आणि आपल्या सुनांना, लेकींना विचारावे, "हिच्या जागी तू असतीस तर काय म्हणाली असतीस?" राजकन्येच्या नावाने पोरी बोलतात. स्वतःच्या नावाने त्या पहिल्यांदा बोलणार नाहीत. बोलायची सवय अशी दुसऱ्याच्या नावाने लागली, तर वेळेला स्वतःचे वाक्य सापडेल.

दुसरी विनंती थोडी कठीण आहे. तुमच्या घरी सोयरिकीचे बोलणे निघाले की, याद लिहायला बसण्याच्या आधी एक रात्र मुलीजवळ बसा. पुरुषमाणसे ओसरीवर असू द्यात. तिला विचारा, आणि उत्तर येईपर्यंत उठू नका. माझी आत्या थोडी लवकर उठली. ती रात्रभर बसली असती, तर मी काही तरी बोलले असते. ती गप्प राहिली तर तिचे गप्प राहणे हेच होय, असे धरू नका. दुसऱ्या रात्री पुन्हा बसा.

आपल्या वसमतचा हळदीचा बाजार मोठा. येथून पोती भरून हळद कोठे कोठे जाते, आणि कोणाकोणाच्या अंगाला लागते, कोण जाणे! त्या साऱ्याजणींना विचारायला आपण जाऊ शकत नाही. पण आपल्या घरातल्या हळदीची वाटी आपल्याच हातांत असते. ती भिजवतो आपणच. ती भिजवण्याआधी तिला एकदा विचारा, एवढेच माझे मागणे आहे.